पाढे, बाजार आणि घरातला एकच मोबाइल

एक ते दहाचे पाढे म्हणजे शंभर ओळी. तिसरीतल्या मुलाला हा डोंगर वाटतो आणि त्याच्या आईबापालाही. पण पाटीवर चौकट आखून हा डोंगर एकदा नीट मोजून बघावा. एकाचा आणि दहाचा पाढा पाठ करावाच लागत नाही, तो कळला की येतो. उरले दोन ते नऊचे पाढे, म्हणजे चौसष्ट घरं. त्यात चार साती अठ्ठावीस आणि सात चोक अठ्ठावीस ही एकच गोष्ट दोनदा आली आहे. अशा जोड्या एकत्र केल्या की छत्तीस उरतात. दोनाचा पाढा म्हणजे दुप्पट करणं, ते मुलं खेळता खेळता करतात. पाचाच्या पाढ्यात शेवटी पाच नाहीतर शून्य, तोही लवकर जिभेवर बसतो. हे दोन्ही वगळले तर हातात राहतात फक्त एकवीस गुणाकार. तीन त्रिक नऊपासून नऊ नव्वे एक्क्याऐंशीपर्यंत. त्यातही सहा साती, सहा आठी, सात आठी, आठ नव्वे असे चार-सहाच खरे त्रास देणारे.

हे एकवीस गुणाकार आणि वीसच्या आतल्या बेरजा-वजाबाक्या चटकन आठवणं, एवढ्यावर पुढचं सगळं अंकगणित उभं राहतं. कारण साधं आहे. ४३ गुणिले ६ करताना मुलाला सहा त्रिक अठरा म्हणून आठ मांडायचे असतात आणि एक हातचा डोक्यात धरून ठेवायचा असतो. सहा त्रिक किती हे काढायलाच ते बोटांच्या पेरांवर गेलं, तर परत येईपर्यंत हातचा निसटलेला असतो. मग उत्तर २५८ऐवजी २४८ येतं. वहीवर लाल फुली पडते आणि मुलाला वाटतं आपल्याला गुणाकार कळत नाही. त्याला गुणाकार कळलेला असतो. त्याची तात्पुरती स्मरणशक्ती पाढा शोधण्यात संपलेली असते, एवढंच. मानसशास्त्रज्ञ ज्याला कार्यकारी स्मृती म्हणतात ती सगळ्यांचीच लहान असते. मोठ्या माणसाच्या बाबतीत तिच्यावरचा भार कमी झालेला असतो.

सरावासाठी मोबाइलवरची अ‍ॅप वापरावीत का, हा प्रश्न इथून सुरू होतो. मी तो नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात विचारणार आहे. कारण पुण्यातल्या घरात जे झाकून जातं ते नंदुरबारमध्ये उघडं पडतं.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्येत आदिवासींचं प्रमाण ६९ टक्क्यांच्या आसपास आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या पुढे थोडी, म्हणजे महाराष्ट्रात सर्वांत कमी. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तरीही सातपुड्याच्या पाड्यांवर आजही फोनला रेंज मिळवण्यासाठी टेकडीची ठरावीक जागा गाठावी लागते. घरात भिलोरी, पावरी किंवा मावची, बाजारात अहिराणी, गुजराती, हिंदी आणि शाळेत मराठी. अशा मुलाच्या हातात गणिताचं अ‍ॅप देताना काय काय जुळावं लागतं, ते बघितलं पाहिजे.

त्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. या मुलांना हिशोब येत नाही असं समजून सुरुवात केली तर सगळंच चुकतं. धडगाव किंवा मोलगीच्या बाजारात आईशेजारी बसलेल्या मुलीकडे बघा. पुढ्यात आमचूर असेल, मोहाची फुलं असतील, मिरची असेल. समजा भाव चाळीस रुपये किलो आहे आणि गिऱ्हाइकाने अडीच किलो मागितलं. ती पाटी मागत नाही. दोन किलोचे ऐंशी, अर्ध्याचे वीस, झाले शंभर. पाचशेची नोट आली तर शंभरापासून वर चढत पाचशेला पोचते आणि चारशे परत करते. हीच मुलगी वर्गात ४० गुणिले २.५ असं फळ्यावर बघून गप्प बसू शकते.

जगात हे नीट तपासलं गेलं आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात टेरेझिन्हा नुनेस, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांना त्यांच्याच गाडीवर हिशोब विचारले. तेव्हा ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं नंतर शाळेसारखी कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तेव्हा बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. त्यांचा निबंध १९८५ सालचा आहे. त्यातला एक मुलगा पस्तीसला एक अशा दहा नारळांची किंमत काढताना पस्तीसवर शून्य देत नाही. तिनाचे एकशे पाच, आणखी तिनाचे मिळून दोनशे दहा, आणखी तीन घेतले की तीनशे पंधरा, वर एक राहिला, तीनशे पन्नास. चाळीस वर्षांनी, २०२५मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर असाच अभ्यास ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केला. बाजारातली मुलं विक्रीचे अवघड हिशोब तोंडी करत होती आणि शाळेच्या साध्या भागाकारात अडत होती. शाळेत शिकणारी, बाजार न केलेली मुलं नेमकी उलट होती: कागदावर बरी, बाजारातल्या व्यवहारात अडखळणारी. दोन्हीकडे अर्धं गणित, आणि मधला पूल कोणीच बांधलेला नाही.

आपल्याकडे हा पूल एके काळी होता. पंतोजींच्या शाळेत मुलं तीसपर्यंत पाढे तर म्हणतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी म्हणत. औट म्हणजे साडेतीन. सवाशेर धान्य, अडीच हात कापड, सोळा आण्यांचा रुपया अशा जगात ही पाठांतरं थेट दुकानात उपयोगी पडत. १ एप्रिल १९५७पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि मीटर आले, आणि औटकीची गरज संपली. तिच्याबरोबर पाढा आणि व्यवहार यांची गाठही सुटली, हे नुकसान मोठं आहे असं मला वाटतं. छडीच्या धाकाने घोकून घेण्याची पद्धत परत यावी असं कोणी म्हणणार नाही. पण रोज थोडं, मोठ्याने, सगळ्यांबरोबर म्हणण्यात सरावाचं एक शहाणपण होतं.

अ‍ॅपचं काम नेमकं या सरावाच्या जागी आहे. समजावण्याच्या जागी नाही. बेरीज म्हणजे काय हे चिंचोक्यांनी, काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्यांनी, नोटांनी कळतं. आठ आणि सात म्हणजे आठाला दोन देऊन दहा करायचे आणि उरलेले पाच वर ठेवायचे, हे एकदा हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. ते कळल्यावर मात्र तेच पुन्हा पुन्हा आठवावं लागतं आणि या कामात यंत्र कंटाळत नाही. चाळीस मुलांच्या, दोन-तीन इयत्ता एकत्र बसलेल्या वर्गात गुरुजी प्रत्येकाला सात आठी किती हे रोज दहा वेळा विचारू शकत नाहीत. अ‍ॅप विचारू शकतं, आणि उत्तर चुकलं तर कोणी हसत नाही.

यातही अ‍ॅप-अ‍ॅपमध्ये फरक आहे. पहिली कसोटी उजळणीची. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरलं जातं आणि थोडा थोडा वेळ सोडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते. १९७०च्या दशकात सेबास्टियन लाइट्नर यांनी त्यावरून पत्त्यांची पेटी सुचवली. उत्तर आलं तर पत्ता पुढच्या कप्प्यात, म्हणजे तो उशिरा विचारायचा. चुकलं तर परत पहिल्या कप्प्यात, म्हणजे उद्याच. चांगलं अ‍ॅप आतून हीच पेटी असतं. मुलाला येणारं कमी विचारतं, अडणारं पुन्हा पुन्हा पण अंतर ठेवून विचारतं. वाईट अ‍ॅप सगळ्यांना सगळं एकाच क्रमाने विचारतं आणि मधे फुगे फोडतं.

दुसरी कसोटी उत्तर देण्याची. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल तर डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारांत एकदा बरोबर येतं. मुलं हे आपल्याआधी ओळखतात. जिथे अंक स्वतः दाबून उत्तर लिहावं लागतं तिथेच आठवण खरोखर कामाला लागते. तिसरी कसोटी घड्याळाची. वर उलटे मोजत जाणारे सेकंद काही मुलांना चेव आणतात, पण काहींचे हात गार पडतात. उत्तरं बरोबर यायला लागेपर्यंत ते घड्याळ बंद करता आलं पाहिजे. आणि बोटं मोजणाऱ्या मुलाला हटकू नये. ती त्याची शिडी आहे. वर पोचल्यावर तो ती आपणच सोडतो.

अ‍ॅपला एक गोष्ट सहसा दिसत नाही. मुलाने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ लिहिलं, तर पडद्यावर नुसती फुली येते. जाणत्या शिक्षकाला ३५ बघताक्षणी कळतं: या मुलाने सातातून दोन घालवले, मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याने धरलं आहे. त्याला दशक सुटा करून दाखवायला हवा. हे न दाखवता आणखी पन्नास वजाबाक्या दिल्या तर चूकच पाठ होते.

अ‍ॅप आणि संगणकाने गणित सुधारतं का, याचं उत्तर शोधणारे काही चांगले प्रयोग नंदुरबारच्या शेजारीच, गुजरातमध्ये झाले आहेत. बडोद्यातल्या महापालिकेच्या शाळांना सरकारने संगणक दिले होते, पण बहुतेक ठिकाणी ते पडून होते. ‘प्रथम’ संस्थेने २००२च्या सुमारास तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे खेळ खेळायला दिले. एका संगणकावर दोन मुलं. बॅनर्जी, डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन यांनी त्याचं मोजमाप केलं. गणितात पहिल्याच वर्षी चांगली वाढ दिसली, दुसऱ्या वर्षी ती आणखी वाढली. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा बराचसा फायदा ओसरला होता. सराव थांबला की पाढे जातात, हे आपल्या आजोबांनीही सांगितलं असतं. इथे ते आकड्यांत मांडलेलं आहे.

लिंडन यांचा दुसरा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुजरातमध्येच ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत त्यांनी दोन तऱ्हा केल्या. एका गटात शिकवण्याच्या वेळातला काही वेळ काढून तो संगणकाला दिला, दुसऱ्या गटात शाळेच्या आधी किंवा नंतर वेगळा वेळ दिला. वेगळा वेळ मिळालेल्या मुलांना फायदा झाला, त्यातही मागे पडलेल्यांना अधिक. ज्यांचा गुरुजींबरोबरचा वेळ संगणकाने घेतला ती मुलं मागे गेली. यंत्र तेच होतं आणि खेळही तेच होते.

पुढे दिल्लीत माइंडस्पार्क या प्रणालीची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं सहावी ते नववीतली, पण गणितात बरीचशी दोन-अडीच इयत्ता मागे. प्रणाली आधी मूल प्रत्यक्ष कुठे आहे ते शोधायची आणि तिथूनच प्रश्न द्यायची. निम्मा वेळ संगणक, निम्मा वेळ माणसाबरोबर छोट्या गटात. साडेचार महिन्यांत गणितात ठळक सुधारणा झाली. याउलट पेरूमध्ये लाखोंनी लॅपटॉप वाटले गेले आणि ३१९ शाळांच्या अभ्यासात गणित-भाषेत फरक आढळला नाही. त्याच लॅपटॉप योजनेचा भारतातला एक पहिला प्रयोग २००७मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरात या एकशिक्षकी शाळेत झाला होता. तिथून आणि नंतरच्या सगळ्या डिजिटल शाळांतून एवढं दिसतं की उपकरणाने काय होणार हे त्याभोवतीचा शिक्षक ठरवतो.

आता पुन्हा नंदुरबारच्या मुलाकडे येऊ. त्याच्यापुढे पडदा उघडतो आणि पहिली अडचण आकड्यांची येते. मराठी माध्यमात तो देवनागरी अंक शिकला आहे, बहुतेक अ‍ॅप इंग्रजी अंक दाखवतात. इंग्रजी नऊ हा मराठी एकासारखा दिसतो आणि इंग्रजी आठ मराठी चारासारखा. पहिली-दुसरीतल्या मुलाने नऊच्या जागी एक वाचला तर ती गणिताची चूक नव्हे. आधी दोन्ही अंक शेजारी शेजारी लिहिलेला तक्ता भिंतीवर हवा. नोटा, बसचा नंबर, फोनचा नंबर हे सगळं इंग्रजी अंकांत असल्याने मुलं ते लवकर उचलतात, पण कोणीतरी मुद्दाम दाखवावं लागतं.

दुसरी अडचण उच्चाराची. मराठीत बेचाळीस म्हणताना दोन आधी येतो आणि लिहिताना चार आधी. कळफलकावर बोट आधी दोनावर जातं आणि २४ उमटतं. एकोणचाळीस ऐकताना तर चाळीस ऐकू येतो आणि लिहायचे असतात ३९. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन जोडीने दिलं गेलं तेव्हा राज्यभर वादळ उठलं. ते पुस्तक करणाऱ्या समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितलं होतं की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना समजायला सोपी वाट दिली आहे. शहरात त्यावर विनोद झाले. पण ज्या मुलाची घरची भाषाच मराठी नाही, त्याच्यासाठी ‘चाळीस दोन’ ही मोठी सोय आहे, आणि नंदुरबारमधल्या कोणत्याही पहिली-दुसरीच्या वर्गात बसलं की ती का हवी ते कळतं. हिंदी आवाजाचं अ‍ॅप असेल तर पस्तीसच्या जागी पैंतीस येतं आणि मुलापुढे तिसरी भाषा उभी राहते. आवाज बंद करून नुसते आकडे वापरणं पुष्कळदा बरं.

तिसरी अडचण सगळ्यांना माहीत आहे: फोन एकच, तो वडिलांचा आणि दिवसभर त्यांच्या खिशात. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत देशातल्या १४ ते १६ वयाच्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के, समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के. त्याच पाहणीत सरकारी-खाजगी सगळ्या शाळा धरून तिसरीतल्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाच्या मुलांना हातच्याची वजाबाकी आली. म्हणजे फोन घरात पोचला आहे, वजाबाकी पोचलेली नाही.

एका फोनवर तीन भावंडं असतील तरी हरकत नाही. सरावाला दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, जास्त वेळ देऊन जास्त येत नाही. बडोद्यातही एका संगणकावर दोघं बसायचे. एकाने उत्तर दाबायचं, दुसऱ्याने ते दाबण्याआधी तोंडाने सांगायचं, मग अदलाबदल. जेवणानंतर वडील टेकले की तेवढा वेळ फोन मुलांचा, असा घरातला करार शाळेच्या पालकसभेत ठरवून घेता येतो. अ‍ॅप निवडताना शिक्षकाने आपल्या फोनचा डेटा बंद करून ते उघडून पाहावं. उघडलं नाही तर डोंगरातल्या पाड्यावर ते निरुपयोगी आहे. उघडलं, पण दर दोन प्रश्नांनी जाहिरात आली, तरी ते नको. लहान मूल बरोबर जाहिरातीवरच बोट ठेवतं. दीक्षा अ‍ॅपवर बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून मजकूर मिळतो आणि तो आधी उतरवून ठेवता येतो. हे उतरवण्याचं काम बाजाराच्या दिवशी, रेंजमध्ये असताना करून घ्यावं. आणि फोनच नसेल तर जुन्या पुठ्ठ्याचे एकवीस पत्ते कापून लाइट्नरची पेटी बनवावी. काम तेच होतं.

दिवाळी झाली की जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र जातात. मुलं बरोबर जातात, शाळा मागे राहते. पाढे नेमके याच महिन्यांत विसरले जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परतलेलं मूल पुन्हा बोटांवर आलेलं असतं. फोन मात्र पडावावर बरोबर असतो. इंटरनेटशिवाय चालणारं, छोटं, सरावाचं अ‍ॅप कुठे सर्वांत जास्त उपयोगी पडेल असं मला कोणी विचारलं, तर मी उसाच्या फडाजवळच्या त्या पालाकडे बोट दाखवीन. निघण्याआधी शिक्षकाने ते पालकांच्या फोनमध्ये घालून द्यावं, घरातल्या मोठ्या बहिणीला दाखवून ठेवावं, आणि आठवड्यातून एकदा फोन करून पडद्याशिवाय, तोंडी पाच प्रश्न विचारावेत. सहा आठी किती? पन्नासाची नोट दिली, सत्तावीस रुपये झाले, परत किती?

एक काम अजून व्हायचं आहे आणि ते जिल्ह्यातच होऊ शकतं. प्रश्न विचारणारा आवाज पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणारा हवा. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. नर्मदेकाठच्या जीवनशाळांनी फोन नसलेल्या काळात स्थानिक भाषांतून शिकवून दाखवलं आहे. ‘किती उरले’, ‘किती परत द्यायचे’, ‘पुन्हा सांग’ अशी शंभरेक वाक्यं आणि संख्या, बाजारात जशा बोलल्या जातात तशा, डीएडच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी आपल्या फोनवर बोलून ठेवल्या तर सगळा संच काही एमबीत मावेल. एका बाजाराच्या दिवसात तो धडगावपासून नर्मदेच्या काठापर्यंत हातोहात पोचेल.